गळती

चाळीस वर्षं मी अकॉर्डियनचे भाते दुरुस्त करतो आहे.
पुठ्ठा, कापड, कोपऱ्यांना बकरीचं मऊ कातडं,
आणि हवा कुठून निसटते ते
कानानं नाही, गालानं शोधायचं.
गाल जवळ नेला की
गळती मुंगीसारखी चावते.

माझ्या स्वतःच्या भात्याचं मात्र
मला कुणी सांगितलं नव्हतं.

म्हणजे, ओर्नेल्ला सांगत होती.
“तू थांबतोस, नेव्हिओ.”
मी म्हणायचो, घोरतो. बाप घोरायचा, आजा घोरायचा,
आमच्या घराण्याचा तो खर्ज आहे.
“घोरण्याचं नाही म्हणत मी,” ती म्हणायची,
“मधल्याचं.”

मधलं मला कसं ठाऊक असणार?
तिथे मी नसायचोच.

मेहुणीच्या अंत्यविधीला, पाद्री बोलत असताना
मी पहिल्या बाकावर असा घोरलो
की शवपेटीवरची फुलं हलली, असं गावात अजून सांगतात.
ते मी हसण्यावारी नेलं.
पण फेब्रुवारीत, सूर लावता लावता,
हातात कानस असतानाच डोळा लागला,
आणि कुणा विधवेनं जपून ठेवलेल्या पेटीतला
एक मध्यम कायमचा चढला.
ते नाही नेता आलं.

अंकोनाच्या इस्पितळात अंगभर वायरी डकवून
म्हणाले, आता नेहमीसारखे झोपा.
सकाळी तेक्ला नावाच्या पोरीनं कागद पुढे सरकवला:
तासाला एक्केचाळीस वेळा.
सगळ्यात लांब थांबणं, अठ्ठ्याहत्तर सेकंद.
तेवढ्यात अर्धा वॉल्ट्झ होतो.
जोडपी दोनदा अंगण फिरून येतात.

मग ते यंत्र घरी आलं, पावाच्या डब्याएवढं.
नाकावर मुखवटा, त्याला सोंड.
पहिल्या रात्री वाटलं, कुणीतरी मला वाजवतंय
आणि त्याला वाजवता येत नाही.
तोंड उघडलं तर माझ्याच तोंडून
माझा नसलेला वारा सुटला.
पुढच्या कितीतरी सकाळी मुखवटा पलंगाखाली सापडला,
मी फेकल्याचं मला आठवत नसे.

शिवाय तो डाव्या डोळ्याखाली शिटी मारायचा.
आता गळती म्हटल्यावर मी कसला गप्प बसतो!
मधमाशीचं मेण, थोडी राळ,
पात्यांना लावतो तेच मिश्रण, कोमट करून
कडेनं नीट भरलं.
तेक्लानं ते नखानं खरवडलं, मला शिस्तीत झापलं,
मग हळूच बोट हुंगलं.
“तुम्हाला लहान माप हवं होतं,” म्हणाली.
एवढा कारागीर, आणि माप चुकलेलं.

नव्या मापात मी झोपलो.
असा झोपलो की सकाळी कॉफीचा वास
लांबून, लहानपणातून आल्यासारखा आला.

ओर्नेल्ला मात्र वाळत चालली.
एका रात्री तीनला जाग आली, तर ती बसलेली,
ओठ हलताहेत. मला वाटलं जपमाळ.
“मोजते,” म्हणाली.
“अकरा वर्षं मोजते आहे.
वीस झाले की कोपरानं ढोसायचं.
पस्तीसला हाक मारायची.
साठला काय करायचं
ते कधी ठरवलं नाही.
आता तू थांबतच नाहीस,
आणि मला आकडे थांबवता येत नाहीत.”

मुखवट्यात बोलता येत नाही,
शब्दाआधी हवाच फुटते.
मी तिचा हात घेतला, नाकासमोरच्या
बारीक भोकांवर ठेवला.
ही गळती मुद्दाम ठेवलेली असते,
वापरलेला श्वास इथून जातो.

“गार आहे,” ती म्हणाली.
बऱ्याच वेळानं म्हणाली, “आता कोमट.”

मग काही म्हणाली नाही.
तिचा हात जड झाला, मुखवटा जरा सरकला,
डाव्या डोळ्याखाली मुंगी चावू लागली.

चावू दिली.